न्हाणीघराच्या भिंतीचा इतिहास

बडोदे शहराच्या उत्तर अंगास समा नावाची वस्ती आहे. गायकवाडांच्या अमदानीत ते शहराबाहेरचे एक गाव होते. आज ते महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले असून, एकास एक लागून उभ्या असलेल्या बैठ्या वा दुमजली घरांच्या रांगा, ज्यांना बडोद्यात 'टेनामेंट' म्हणतात, आणि सदनिकांच्या सोसायट्या तेथे दाटीने वसल्या आहेत. अशा घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत उपेक्षित खोली म्हणजे न्हाणीघर. चार पावले लांब, तीन पावले रुंद. वर एक झरोका. कमरेइतक्या उंचीपर्यंत फरश्या. आणि त्यावर सिमेंटच्या गिलाव्यावर कोणे एके काळी दिलेला, आता एका बाजूने फुगलेला रंग. दिवाळी जवळ आली की घरात प्रश्न निघतो: या खोलीला थोडक्या खर्चात काही कळा आणता येईल काय?

प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु पाण्याला लागून असलेल्या भिंतीवर काय लावावे, हा विचार माणूस साडेचार हजार वर्षे करीत आला आहे; आणि बडोद्यात त्या विचाराचे जवळजवळ सर्व टप्पे एकाच शहराच्या परिसरात पाहावयास मिळतात. ते टप्पे ध्यानात घेतले, तर समा येथील त्या लहानशा खोलीचे काय करावे हेही अधिक नीट कळते.

या कथेचा आरंभ गुजरातेतच होतो. अहमदाबाद जिल्ह्यातील लोथल येथे १९५५ सालापासून पुढे काही वर्षे उत्खनन झाले. ते ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते एस. आर. राव पूर्वी बडोदे संस्थानाच्या पुरातत्त्व खात्यात होते. सिंधू संस्कृतीच्या या नगरात घरांच्या भिंती बहुधा कच्च्या विटांच्या आहेत. मात्र स्नानाची जागा भाजलेल्या विटांनी, सांधे घट्ट बसवून, उतार देऊन बांधलेली आहे आणि तिचे पाणी मोरीवाटे बाहेरच्या गटारात जाते. भाजलेली वीट म्हणजे जळण, आणि जळण म्हणजे खर्च. तो खर्च त्या लोकांनी दर्शनी भिंतीवर केला नाही, तर पाणी सांडते तेथे केला. मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध महास्नानगृहात तर विटांच्या सांध्यांत जिप्समचा लेप आणि त्यामागे डांबरासारख्या नैसर्गिक द्रव्याचा थर देऊन पाणी कोंडलेले आढळते. भिंतीची शोभा ही नंतरची गोष्ट, भिंतीतून पाणी झिरपू न देणे ही पहिली, हा धडा या संस्कृतीने इतक्या प्राचीन काळी घालून दिला होता.

गायकवाडांनी १७३४ साली बडोदे कायमचे हस्तगत केले आणि त्यांच्यामागोमाग देशावरची व कोकणातली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. त्यांनी आपल्याबरोबर वाड्याची कल्पना आणली. रावपुऱ्यातील तांबेकर वाडा हा तिचा ठळक नमुना होय. १८४९ ते १८५४ या काळात संस्थानाचे दिवाण असलेले विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचे हे निवासस्थान. त्याच्या भिंतींवर कृष्णचरित्रातील व महाभारतातील प्रसंग, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया आणि तत्कालीन समाजातील स्त्रीपुरुष रंगविलेले आहेत. आज ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

परंतु वाडेसंस्कृतीत चित्रे ही दिवाणखान्यासाठी, माडीसाठी, पाहुण्यांच्या नजरेसाठी असत. न्हाणीघराच्या वाट्याला साधा चुना येई. मागल्या अंगणाच्या कडेला, विहिरीजवळ, एका कोपऱ्यात दगडी फरशीची मोरी. बाजूला बंब किंवा चुलीवरचा हंडा. पाणी काढून घेण्यास घंगाळ. बसावयास पाट किंवा दगड. प्रकाश दारातून येईल तेवढाच. स्त्रियांचे स्नान तर पुष्कळ घरी उजाडण्यापूर्वीच उरकलेले असे, तेव्हा त्या भिंतीचा रंग पाहिला कोणी, असे कोणासही वाटावे. तथापि दरसाल पावसाळा सरल्यावर त्या भिंतीवरही चुन्याचा हात फिरे, आणि त्यामागे केवळ रूढी नव्हती.

चुन्याचा गुण त्याच्या घडणीतच आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली की तीतील कर्बवायू निघून जातो व चुनकळी उरते. चुनकळीवर पाणी ओतले की ती रसरसून फुटते आणि विरलेला चुना तयार होतो. हा चुना भिंतीवर लावला म्हणजे तो हवेतील कर्बवायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. म्हणजे सफेती हा भिंतीवरचा नुसता रंग नव्हे, तो दगडाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा होय. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असतो. त्यामुळे बुरशी व शेवाळ यांना तेथे मूळ धरता येत नाही. शिवाय या पापुद्र्यास सूक्ष्म छिद्रे असतात. भिंतीत मुरलेली ओल त्यांतून वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि भिंत कोरडी होते. दरवर्षी चुना द्यावा लागतो हा त्याचा दोष मानला जातो. पण तो दरवर्षी सुखाने देता येतो, मागचा थर खरवडून काढावा लागत नाही, हा त्याचा गुणही आहे.

जेथे भिंत नित्य भिजे, तेथे साध्या सफेतीने भागत नसे. तेथे गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड, मिसळीत. ही युक्ती जगात अन्यत्रही माहीत होती. रोमन लोक आपल्या हौदांना व स्नानगृहांना चुना आणि कुटलेली खापरी यांचा गिलावा देत. भाजलेल्या मातीतील द्रव्य चुन्याशी संयोग पावून असा लेप करते की तो पाण्यातही घट्ट राहतो. आपल्याकडे त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, डिंक, उडदाचे पीठ असे पदार्थ प्रदेशाप्रदेशाप्रमाणे घालीत. बैल जुंपलेल्या दगडी चाकाच्या घाणीत हे मिश्रण दिवसचे दिवस मळले जाई. चुना जितका जुना व जितका मळलेला, तितका चिवट, हे गवंड्यास पाठ असे.

यापुढची पायरी म्हणजे घोटाई. राजस्थानात जिला आराईश म्हणतात त्या पद्धतीत मुरविलेल्या चुन्याचा व संगमरवराच्या भुकटीचा अगदी बारीक थर भिंतीवर देतात आणि तो ओला असतानाच अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटीत राहतात. अखेरीस खोबरेलाचा हात दिला की भिंत आरशासारखी चमकते व तिजवर पाण्याचा थेंब ठरत नाही. हा घोटण्याचा अकीक पैलू पाडून गुळगुळीत करण्याचा धंदा शतकानुशतके चालला तो गुजरातेतल्याच खंबायतेस. विशेष म्हणजे दूर मोरोक्कोतील हमामांच्या भिंतीही याच तत्त्वावर सिद्ध होतात. तेथे चुना दगडाने घोटून वर साबणाचे पाणी देतात. साबणातील स्निग्धांश चुन्याशी मिळून न विरघळणारा लेप बनतो. दोन देशांच्या गवंड्यांनी एकमेकांस न पाहता एकच उत्तर काढले. त्या उत्तरात परदेशी रसायन नव्हते, महागडी वस्तू नव्हती. होते ते मनगटाचे श्रम आणि वेळ. आणि म्हणूनच, श्रम महाग व वेळ दुर्मिळ झाला तेव्हा ही विद्या प्रथम लोपली.

परंतु ती लोपण्यास आणखी एक कारण घडले, आणि ते बडोद्याच्या इतिहासात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते म्हणजे नळाचे पाणी.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेले गोपाळराव १८७५ साली दत्तविधानाने बडोद्याच्या गादीवर आले आणि सयाजीराव महाराज तिसरे म्हणून त्यांनी १९३९ पर्यंत राज्य केले. त्यांच्या कारकीर्दीतील अनेक कामांत एक काम असे की शहराच्या पूर्वेस काही कोसांवर आजवा येथे विस्तीर्ण जलाशय बांधून, त्यातील पाणी नळांनी शहरात आणले गेले. सयाजी सरोवर या नावाने ओळखला जाणारा हा तलाव १८९० च्या दशकाच्या आरंभी पुरा झाला. त्याच सुमारास, १८९० साली, लक्ष्मीविलास राजवाडाही सिद्ध झाला होता. मेजर मँट यांनी त्याची आखणी केली. त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट चिझम यांनी तो पुरा केला. दरबार दालनाच्या जमिनीसाठी व्हेनिसच्या पद्धतीचे मोझेक योजले गेले. राजवाडा प्रेक्षणीय होता खरा; परंतु सामान्य माणसाच्या घरावर अधिक खोल परिणाम केला तो आजव्याच्या नळाने.

विहिरीचे पाणी शेंदून, वाहून आणि तापवून घ्यावे लागे तोवर स्नान मोजक्या पाण्यात होई. बसून अंगावर तांब्याने पाणी घेणाऱ्या माणसाचे शिंतोडे भिंतीच्या गुडघाभर उंचीपर्यंत जात. तेवढ्या भागात दगड असला की वरची सफेती निर्वेध राही. नळ घरात आला, पुढे तो न्हाणीघरात शिरला, आणखी पुढे माणूस उभ्याने, डोक्यावरून कोसळणाऱ्या धारेखाली न्हाऊ लागला. भिंत गुडघ्याऐवजी डोक्याइतकी भिजू लागली आणि दिवसातून एकदा नव्हे, घरातील प्रत्येकागणिक भिजू लागली. बाहेरच्या अंगणातले न्हाणीघर त्याच सुमारास घराच्या पोटात आले. तिची एक भिंत शेजघराची भिंत झाली. जी ओल पूर्वी अंगणात जिरत होती ती आता कपाटामागे प्रकट होऊ लागली. सफेती हरली ती जुनी झाली म्हणून नव्हे. पाण्याची सवय बदलली म्हणून.

याच दशकात चुन्याला आणखी एक वेगळा अर्थ चिकटला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९७ मध्ये पुण्यात रँडसाहेबाच्या अधिकाराखाली गोऱ्या शिपायांकडून घरांची झडती सुरू झाली. घरे धुणे, जंतुनाशक फवारणे आणि भिंतींना चुना फासणे हे त्या मोहिमेचे ठरीव अंग होते. जो पांढरा हात दिवाळीपूर्वी घरची माणसे मायेने फिरवीत, तोच सरकारी हुकमाने, परक्या पावलांनी न्हाणीघरापर्यंत शिरून फिरविला गेला. चुन्याचा गुण तोच होता; परंतु ज्यांच्या घरी हे घडले त्यांच्या मनात पांढऱ्या भिंतीशी शुचितेबरोबर अपमानाचीही आठवण जडली. घरातील सर्वांत खाजगी भिंत कोणी आणि कसा हात लावून स्वच्छ करावी, हा प्रश्न केवळ आरोग्याचा नसतो, हे त्या काळाने दाखवून दिले.

रंगाचे शास्त्र मात्र बडोद्यात वेगळ्या वाटेने वाढत होते. १८९० साली सयाजीरावांनी कलाभवनाची स्थापना केली आणि प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा आली. रंगकाम व रसायन, विणकाम, यंत्रविद्या, चित्रकला असे विषय तेथे एका छपराखाली शिकविले जात. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके तेथेच तैलरंगाचे व जलरंगाचे शिक्षण घेऊन गेले. चित्रकाराचा रंग आणि कारागिराचा रंग एकाच विद्येच्या दोन शाखा आहेत, ही या संस्थेमागची दृष्टी होती. गज्जरांच्याच प्रेरणेतून १९०७ साली अलेंबिक हा रासायनिक कारखाना उभा राहिला. १९४९ साली सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कलाभवन त्यात विलीन होऊन तंत्रविद्येची शाखा झाले, आणि लगोलग ललितकला शाखाही निघाली. तेथे नारायण श्रीधर बेंद्रे आणि के. जी. सुब्रमण्यन् यांच्यासारखे शिक्षक लाभले. त्याआधीच, १९३९ ते १९४६ या वर्षांत, नंदलाल बोस यांनी बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील भिंती चित्रांनी भरल्या होत्या. सुब्रमण्यन् यांनी पुढे लखनौच्या रवींद्रालयासाठी कुंभाराच्या भाजलेल्या मातीच्या तुकड्यांतून भव्य भित्तिशिल्प घडविले. भिंत सजविण्यास मोलाची सामग्री लागत नाही, समज लागते, हे या शहराने अशा रीतीने मोठ्या भिंतींवर सिद्ध केले. लहान भिंतींपर्यंत ते पोहोचले नाही, ही खेदाची गोष्ट.

कारण लहान भिंतींवर तोवर सिमेंट आले होते. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली ज्याचे हक्क घेतले ते पोर्टलंड सिमेंट भारतात यशस्वी रीतीने तयार होऊ लागले ते १९१४ च्या सुमारास, आणि तेही सौराष्ट्रातील पोरबंदरला. घाणीचा बैल सुटला. चुना आठवडे मुरवावा लागे, तेथे सिमेंट काही तासांत धरू लागले. न्हाणीघराच्या जमिनीस तांबड्या काव्याच्या रंगाचा घोटलेला सिमेंटचा थर आला. भिंतीस कमरेपर्यंत तसाच पट्टा. त्यावर डिस्टेंपर, आणि ऐपत असेल तर तैलरंग.

सिमेंटने मोठी सोय केली यात वाद नाही. परंतु त्याबरोबर भिंतीचा स्वभाव पालटला, तो मात्र फार थोड्यांनी ओळखला. चुन्याची भिंत ओल घेई आणि सोडी. सिमेंटची भिंत ती सहजी सोडीत नाही. आणि तिच्यावर तैलरंगाचा पापुद्रा चढविला की ती मुळीच सोडीत नाही. मग आतले पाणी क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येते, रंगाच्या मागे अडते, तेथे मिठासारखे स्फटिक धरतात आणि ते रंगाला बाहेर ढकलतात. त्यालाच आपण लोणा लागला, पोपडे आले असे म्हणतो. दुसरे असे की ताज्या सिमेंटच्या गिलाव्यात क्षार तीव्र असतो. घाईने त्यावर तैलरंग दिला, तर क्षार आणि तेल यांचा संयोग होऊन अक्षरशः साबण तयार होतो व रंग चिकट होऊन सुटतो. मोरोक्कोच्या गवंड्याने ज्या क्रियेचा उपयोग करून भिंत जलरोधक केली, तीच क्रिया उतावळ्या रंगाऱ्याची भिंत खराब करते. फरक पदार्थात नाही, ज्ञानात आहे.

तैलरंगाचा आणखी एक दोष डोळ्यांस दिसत नसे. जुन्या काळी पांढऱ्या रंगात शिसे असे. पुढे टायटॅनियमचा शुभ्र रंग निघाला. केरळच्या किनारी वाळूतून तो काढण्यासाठी १९४६ साली त्रावणकोर टायटॅनियम या कारखान्याची स्थापना झाली. तरीही शिशाची संयुगे अन्य छटांत व सुकविणाऱ्या द्रव्यांत राहिली. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ साली झाला व तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणून जुन्या घरातील जुना तैलरंग कोरडा खरवडून त्याची धूळ उडविणे हे आजही मुलांच्या प्रकृतीस घातक ठरू शकते. तो ओला करून, दार लावून, मुलांना दूर ठेवूनच काढावा.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी रंगांची आयात रोखली गेली आणि १९४२ साली मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स हा कारखाना काढला. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी त्यासाठी हाती कुंचला घेतलेला खोडकर 'गट्टू' रेखाटला, आणि डब्यातला तयार रंग घरोघर ओळखीचा झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, अमेरिकेत पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंगद्रव्य बाजारात आले होते. त्यातूनच पुढे आजचे इमल्शन रंग निघाले. ते तेलाइतके भिंतीचे तोंड बंद करीत नाहीत, त्यांना उग्र वास येत नाही व क्षाराने त्यांचा साबण होत नाही. न्हाणीघराच्या वरच्या, थेट धार न लागणाऱ्या भिंतीस आज हेच रंग बरे पडतात.

धार लागते तेथे फरशीच हवी, हा लोथलचाच निष्कर्ष विसाव्या शतकाने पुन्हा स्वीकारला. १९२२ साली सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स हा सिमेंटच्या रंगीत फरश्यांचा कारखाना काढला. सौराष्ट्रात थानगढ येथे परशुराम गणपुले या मराठी गृहस्थांनी चिनी मातीच्या भांड्यांच्या उद्योगाचा पाया घातला. आज त्याच सौराष्ट्रातील मोरबी हे चकचकीत फरश्यांचे देशातील सर्वांत मोठे केंद्र आहे. त्या फरश्या आता इतक्या स्वस्त व मुबलक झाल्या आहेत की नवी न्हाणीघरे जमिनीपासून छतापर्यंत त्यांनीच मढविली जातात. भिंतीला रंग द्यावयाचा प्रश्न उरला तो जुन्या, मध्यम व अल्प मिळकतीच्या घरांत, म्हणजे समा येथे ज्या खोलीपासून आरंभ केला तशा खोल्यांत.

आणि तेथे हा प्रश्न केवळ शोभेचा राहिलेला नाही. विश्वामित्री नदी बडोद्याच्या मधून वाहते. आजव्याच्या सरोवराचा सांडवाही अखेर तिलाच मिळतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अतिवृष्टी झाली, नदीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली आणि काठच्या ज्या वस्त्यांत पाणी शिरले त्यांत समाही होते. ज्या जलाशयाने या शहराच्या न्हाणीघरांत नळ आणला, त्याचेच ओसंडलेले पाणी पावसाच्या लोंढ्याबरोबर घरांत आले, हा योगायोग विलक्षण खरा. परंतु ज्यांची घरे भिजली त्यांना त्यात नवल नव्हते, त्यांना खर्च होता. पाणी ओसरल्यावर अशा घरांत स्वाभाविक ऊर्मी होते ती लगेच रंग काढण्याची. भिंतीवरची पुराची रेघ नाहीशी झाली म्हणजे संकट गेले असे मनाला वाटते. परंतु भिजलेली विटांची भिंत वाळण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. त्याआधी चढविलेला रंग पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही, आणि आधीच खचलेल्या संसाराचे पैसे दुसऱ्यांदा वाहून जातात.

म्हणून इतिहासाने शिकविलेला क्रम व्यवहारात उतरविणे अगत्याचे आहे. प्रथम पाणी कोठून येते ते पाहावे: नळाचा सांधा, वरच्या मजल्याची मोरी, फरश्यांमधील फुटके सांधे, बाहेरची तडकलेली भिंत. ते बंद केल्यावाचून कुंचला उचलू नये. नंतर सुटलेला रंग ओला करून खरवडावा. बुरशीचे काळे डाग असतील तर त्यांवर नुसता रंग चढवू नये. विरंजक चूर्णाच्या सौम्य द्रावणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने निपटून, पूर्ण सुकवावे. हे द्रावण आम्लाच्या साफसफाईच्या औषधात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. नव्या गिलाव्यास निदान महिनाभर सुकू द्यावे. खळगे लांबीने भरून काचकागदाने घासावे. मात्र ही लांबी पाण्यात टिकणारी, पांढऱ्या सिमेंटची असावी, खडूची नव्हे. मग अस्तराचा एक हात आणि रंगाचे दोन, प्रत्येक हात वाळल्यावर. आणि ज्या भिंतीत ओल कायमची मुरलेली आहे, जी दुरुस्त करणे हाती नाही, तिला महागडा रंग देण्यापेक्षा साधा चुनाच द्यावा. तो दरसाल देता येतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो.

शोभेसाठीही फार काही लागत नाही. लहान व अंधाऱ्या खोलीत फिकट रंग प्रकाश परतवितो, म्हणून खोली मोठी भासते. फरशीचा पट्टा जेथे संपतो तेथे बोटभर रुंदीची गडद रेघ ओढली की उघडीबोडकी वाटणारी भिंत बांधीव दिसते. जुन्या वाड्यांत भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढीत तो याच दृष्टीने. कागदात नक्षी कातरून, ती भिंतीवर धरून, रंगाने उमटविण्याची रीत घरातील मुलांसही साधेल. उरलेल्या फरश्यांचे तुकडे जुळवून आरशाभोवती चौकट करता येईल. आणि वरचा झरोका जाळीचा, उघडता येणारा करावा, कारण वारा हा सर्वांत स्वस्त व सर्वांत जुना बुरशीनाशक आहे.

या सर्व इतिहासात एक गोष्ट मात्र सहसा लिहिली जात नाही. न्हाणीघर ही घरातील एकमेव खोली अशी की जेथे माणूस काही क्षण कोणाचाही नसतो. एकत्र कुटुंबातील सुनेला, दिवसभर राबून आलेल्या कारागिराला, परीक्षेच्या चिंतेत असलेल्या मुलाला दाराला कडी लावून एकटे होता येते ते येथेच. दिवाणखान्याची भिंत पाहुण्यासाठी रंगविली जाते. या भिंतीकडे पाहुणा पाहत नाही. घरचाच माणूस पाहतो, रोज, अगदी जवळून. पूर्वी ती अंधारात राहिली, कारण जे तिच्याकडे पाहत त्यांच्या सुखाचा हिशेब कोणी मांडला नव्हता. समा येथील एखाद्या टेनामेंटमध्ये यंदाच्या दिवाळीपूर्वी कोणी फुटका सांधा बुजवील, काळे डाग धुऊन काढील आणि सुकलेल्या भिंतीवर फिकट रंगाचे दोन हात देईल, तेव्हा पाहुण्याच्या नजरेस न पडणारी एक जुनी उणीव त्या घरापुरती भरून निघालेली असेल.